डोंगराची मूठ

पाटी : डोंगर (उचलता येतो)

डोंगर वजनाला अगदी हलका होता. आत थर्माकोल, वर प्लास्टर, त्यावर हिरव्या रंगात बुडवून वाळवलेला लाकडाचा भुसा, म्हणजे घनदाट जंगल. डब्याचं झाकण काढावं तसा तो उचलायचा, की खाली तांब्याचे थर झळकायचे. खरं तांबं जमिनीत असं झळकत नाही, हे मॉडेलवाल्याने सांगून पाहिलं होतं. सचिवसाहेब म्हणाले, "पाहुणे इतक्या लांबून येणार आणि त्यांना काय मातकट दाखवायचं?"

पाहुणे म्हणजे डोंगर घेणारी परदेशी कंपनी. घेणारी म्हणायचं नाही. गुंतवणूक करणारी. आपण डोंगर टाकायचा, त्यांनी विश्वास टाकायचा, असा बरोबरीचा मामला.

पाटी : खाणीची हद्द (लाल दोरा)

सरकारी नकाशावरच्या रेघेप्रमाणे टाचण्या टोचायच्या आणि त्यांच्याभोवती लाल दोरा फिरवायचा, की झाली हद्द. पायथ्याची वस्ती चिमट्याने चिकटवताना मॉडेलवाल्याचा हात थबकला. ओढ्याच्या वळणावरचं शेवटचं घर. ताईचं. दोरा तिच्या घराला वळसा घालून गेलेला, आणि घर बरोबर आत.

त्याने इकडेतिकडे पाहिलं. गाळ्यात बघायला होतं तरी कोण? एक पंखा, तोही मान मोडून बसलेला. त्याने एक टाचणी उपसली आणि नखभर सरकवून टोचली. ताईची अख्खी ओळ हद्दीबाहेर! मग त्याने ताईच्या घराचं दार निळं रंगवलं. कारण ताईचं दार निळंच होतं, आणि सख्ख्या भावाला एवढीही हौस नसेल तर काय उपयोग? त्या दिवशी तो दोन घास जास्तच जेवला.

पाटी : (इथे मंत्र्यांचं भाषण होतं. काढलं आहे. कुणाचं काही अडलं नाही.)

सह्या झाल्या. मंत्र्यांनी फोटोसाठी डोंगर उचलला. भुशावरून बोटं घसरली आणि डोंगर पाहुण्यांच्या चहात पडता पडता राहिला. टाळ्या वाजल्या.

टाळ्या थांबतात न थांबतात तोच भूमापन खात्यातले एक साहेब फाइल छातीशी धरून आले.

"साहेब, मॉडेलवरची हद्द नकाशाशी जुळत नाही."

"मग?" सचिवसाहेब म्हणाले.

"मॉडेल चुकलंय."

"मंत्रीसाहेबांचा हात लागलाय त्याला. फोटो जगभर गेलाय. मॉडेल कसं चुकेल? नकाशा चुकलाय. दुरुस्त करा."

नकाशा दुरुस्त झाला. पाहुण्यांनी मोठ्या मनाने हरकत घेतली नाही. तेवढ्याच घरांची भरपाई वाचली. कोपऱ्यात उभ्या मॉडेलवाल्याला देश कसा चालतो ते आज कळलं. शिवाय तो आपल्या बाजूने चालतोय, असंही वाटलं.

पाटी : समाधानी वस्ती

वर्ष गेलं. एका दुपारी ताई गाळ्यात येऊन स्टुलावर धपकन बसली. तिच्या चपला मूळचा रंग विसरल्या होत्या.

"पाणी दे आधी. बिनरंगाचं असेल तर. आमच्या ओढ्याला खाणीचा रंग आलाय."

"ताई, अगं कळवायचं तरी..."

"काय कळवू? सुरुंगाचा आवाज येत नाही का इथपर्यंत? भिंतीला एवढी भेग गेलीय की शेजारणीच्या चुलीवर काय शिजतंय ते मला अंथरुणातून दिसतं. ज्यांची घरं हद्दीत गेली त्यांची मजा बघ. पक्की घरं, घरात नळ. आम्ही म्हणे हद्दीबाहेर! तुझे दाजी कचेरीत गेले, तर तो कारकून म्हणतो, तुमचं काहीच गेलेलं नाही, नशीबवान आहात."

मॉडेलवाल्याला एकाएकी चिमटा पुसायचं महत्त्वाचं काम आठवलं.

"कुण्या मेल्याने ही रेघ मारली, तो एकदा भेटू दे मला," असं म्हणता म्हणता ताईची नजर टेबलाकडे गेली. टप्पा दोनच्या करारासाठी जुनंच मॉडेल डागडुजीला आलं होतं. खरा डोंगर एव्हाना निम्मा परदेशी गेला होता. इथला शाबूत होता. ताई वाकली.

"सगळ्यांची दारं तपकिरी. माझंच निळं?"

त्याने पुसलेला चिमटा पुन्हा पुसायला घेतला.

"तूच का रे तो मेला?"

"ताई, मला वाटलं..."

"वाटलं! शाळेत असताना माझी पाटी कडेने पुसून देतो म्हणायचास आणि लिहिलेलं सगळं पुसायचास. तेव्हाही तुला वाटलंच होतं. सरकव तो दोरा. घे मला आत."

"आता नाही सरकत. त्या दोऱ्याला मंत्र्यांचा हात लागलाय. हात लागला की ते खरं, नकाशा खोटा."

तेवढ्यात सचिवसाहेबांचा फोन. तो उभा राहून 'हो साहेब, हो साहेब' म्हणत राहिला.

"काय म्हणतो तुझा साहेब?"

"या वेळी मॉडेलवर घरं नकोत म्हणे. घरं दिसली की कुणीतरी विचारतं, यांचं काय? आणि डोंगराला मूठ बसवायचीय. मंत्र्यांची बोटं घसरतात."

ताईने डोंगर पायथ्यापासून शेंड्यापर्यंत न्याहाळला. मग तिने आपलं घर नखाने उचकटलं. चिमटीत मावेल एवढंच होतं.

"बसव."

"कुठे?"

"शेंड्यावर. मूठ हवीय ना त्याला?"

पाटी : मूठ

"घराच्या आकाराची मूठ!" सचिवसाहेब खूश झाले. "वा. माणुसकीचा स्पर्श."

मंत्र्यांनी निळ्या दाराला अंगठा लावून डोंगर झोकात उचलला. फोटो जगभर गेला. भूमापनवाले साहेब फाइल घेऊन हजर.

"साहेब, हद्दीच्या मधोमध, डोंगरमाथ्यावर एक घर दिसतंय. प्रत्यक्षात तिथे..."

"मंत्रीसाहेबांनी धरलंय ना? मग आहे. कुणाचं ते शोधा, भरपाई द्या आणि उठवा!"

निळ्या दाराचं घर त्या भागात एकच निघालं.

ताईचा फोन आला तेव्हा मॉडेलवाला डिंकाचे हात धुवत होता.

"उठवतायत रे आम्हाला!" ती आनंदाने ओरडत होती. "नोटीस आली! तुझे दाजी सारखे वाचून दाखवतायत. आपण डोंगरमाथ्यावर राहतो म्हणे. तिथे आता नुसता खड्डा आहे, पण असू दे, आपल्याला काय करायचंय!" मागे कुणीतरी तिला काहीतरी विचारत होतं. "थांब गं, विचारते... अरे ऐक, शेजारीण उभीय इथे दोन मुठींचं भांडं घेऊन. ती म्हणतेय, त्या मंत्र्याला दुसराही हात असेल ना?"