डोळे मिटल्याबद्दल

दगडफेकीत नुकसान तसं बेताचंच झालं. आमच्या प्रार्थनाघराच्या काचा फुटल्या, रस्त्यापलीकडच्या त्यांच्या प्रार्थनाघराचा भोंगा पडला आणि मधे उभी असलेली कुणा नास्तिकाची मोटार चेपली. मग सलोखा समिती स्थापन झाली. अध्यक्ष एक निवृत्त दंतवैद्य. जन्मभर लोकांना तोंड उघडायला लावल्यामुळे गाण्यातलं आपल्याला कळतं, असा त्यांचा समज होता. "संगीताला धर्म नसतो," असं ते पहिल्याच बैठकीत म्हणाले. दोन्ही बाजूंनी माना डोलावल्या, कारण चहा अजून यायचा होता.

ठरलं असं, की जाहीर कार्यक्रम करायचा. त्यांचं भक्तिगीत आमच्यापैकी कुणीतरी म्हणायचं आणि आमचं त्यांच्यापैकी कुणीतरी.

आमच्यातून कोण, हा प्रश्नच नव्हता. माझी थोरली बहीण. सगळे तिला ताईच म्हणतात, तिच्याहून मोठे असलेलेसुद्धा. शिवणकारखान्यात ती शर्टांना कॉलर लावते. आठवडाभर मशीनवर मान मोडायची आणि सुट्टीच्या सकाळी प्रार्थनाघरात पुढे उभं राहून ओळ द्यायची, हे तिचं आयुष्य. आमच्याकडे पुढचा एक जण ओळ देतो आणि सभा ती उचलते. आईच्या मागे घर माझ्याकडे आलं, ओळ देण्याची जागा ताईकडे. वाटणीत आपल्याला चांगलं ते मिळालं, असं ती अजून समजते.

आमच्यात आणखी एक रीत आहे. गाणं उघड्या डोळ्यांनी, पुस्तकात बघून म्हणायचं. डोळे मिटायचे ते फक्त शेवटच्या कडव्याला, देवाला थेट हाक मारताना. लहानपणी मी भलत्याच कडव्याला डोळे मिटले की आईची टपली बसायची. "आत्ताच कशाला बोलावतोस त्याला? येऊ दे की सावकाश."

त्यांचं गीत ताईला शिकवलं घड्याळजीने. तो त्यांच्याकडचा गाणारा, चौकात घड्याळं दुरुस्त करतो. कारखान्यातून येताना ताई त्याच्या दुकानात टेकायची.

"इथे घाई नको, ताई. हा शब्द लांबवा."

"लांबवते. पण श्वास कुठे घेऊ?"

"आमच्यात घेत नाहीत."

"म्हणूनच तुमचे म्हातारे इतके खोकतात."

मग ती त्याला आमचं गीत शिकवायची. "भाऊ, देवाला आळवायचंय. गजर नाही लावायचा."

कार्यक्रमाला सभागृह भरलं होतं. घड्याळजीने आमचं गीत हजेरी घ्यावी तसं म्हटलं. मोजून टाळ्या पडल्या. मग ताई उभी राहिली. पहिलं कडवं तिने कागदात बघून म्हटलं. दुसऱ्याला तिचे डोळे मिटले, ते गीत संपेपर्यंत उघडले नाहीत. समोर बसलेले त्यांचे म्हातारे रडले. दगडफेकीच्या दिवशी हेच गच्चीवर दगड पोचवत होते, असं म्हणतात. दंतवैद्यही रडले, पण ते आभार मानतानाही रडतात.

कुणीतरी चित्रण केलंच होतं. आठवड्याच्या आत आमच्या ज्येष्ठ मंडळाचं बोलावणं आलं. ताईला जाब द्यायचा होता. जागा जाणार की राहणार, ते त्यावर ठरणार होतं.

वाटेत मी तिला पढवलं. "दिवे डोळ्यांवर आले म्हण आणि मोकळी हो."

"नव्हते आले."

"अगं, कोण बघायला गेलंय?"

"मी होते ना तिथे."

मंडळाचे प्रमुख रंगवाले काका, रंगाचे घाऊक व्यापारी. त्यांनी फोन पुढे केला. "ही तूच ना?"

"मीच. जाड दिसतेय."

"डोळे का मिटलेस?"

मी मधे तोंड घातलं. "काका, तिथले दिवे फार..."

"हां, दिवे!" काकांचा चेहरा उजळला. त्यांनाही प्रकरण मिटवायचंच होतं, दुपारी दुकानात माल उतरायचा होता. "कडक असतात बाबा ते. दिव्यांमुळेच ना, बाळ?"

त्यांचं बाळ पन्नाशीचं होतं. ते म्हणालं, "नाही. गाणं चांगलं होतं."

"चांगलं म्हणजे?"

"देवाला ऐकू जाईल असं."

"कुणाच्या देवाला?"

"ते नाही विचारलं मी."

मंडळाने ताईला विश्रांती दिली. आमच्यात कुणाला काढत नाहीत, विश्रांती देतात. तिची जागा काकांच्या सुनेला मिळाली.

चार दिवसांनी पलीकडची मंडळी घरी आली, हातात फुलांचा गुच्छ. "असा आवाज आमच्याकडे नाही हो. आमच्याकडे गात जा."

ताईने पदर सावरला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज घाईघाईने फुटला. "दर आठवड्याला?"

"दर आठवड्याला! फक्त आधी रीतसर आमच्यात यायचं. छोटासा विधी, आणि नाव बदलायचं."

"आणि न बदलता?"

"मग वर्षातून एकदा, समितीच्या कार्यक्रमात."

घड्याळजी त्यांच्या मागे उभा होता. तो आपल्याच मनगटाकडे बघत राहिला. ताईने सगळ्यांना चहा दिला आणि गुच्छ परत दिला.

संध्याकाळी दंतवैद्यांचा फोन आला. "ताई, खचू नका. तुम्ही दोन समाजांमधला पूल आहात."

"हो ना, डॉक्टर," ताई म्हणाली. "दोन्हीकडचे तुडवून गेले."

मग काकांचा निरोप आला, सुनेला चाली शिकव म्हणून. मी भडकलो. "खबरदार गेलीस तर! काही स्वाभिमान?"

"चाली आईच्या आहेत. त्या बिघडल्यावर स्वाभिमान काय चाटायचाय?"

गेली. महिनाभर शिकवलं. सून बिचारी गुणी होती, पण कान नव्हता, आणि कान शिकवता येत नाही.

सुनेच्या पहिल्या सभेला ताई माझ्या शेजारी मागच्या रांगेत बसली. सुनेने उघड्या डोळ्यांनी, पुस्तकात बघून ओळ दिली. ती निम्म्यातच घसरली. सभेने उचललीच नाही. एकेक मान वळून मागे बघू लागली. काकांचीही वळली. ताईने एक सूर लावला असता तर सगळी सभा तिच्यामागे गेली असती. मी कोपराने ढोसलं. "लाव ना."

"मला कुणी दिलीय जागा?" ती पुटपुटली.

शेवटी काकांनीच खाकरून, होता त्याहून खालचा सूर पकडला आणि रेटला. सुटल्यासारखी सगळी सभा त्यांच्यामागे गेली. ताईही गेली. सभेत बसणाऱ्याने मिळेल ती ओळ उचलायची असते. माझ्या शेजारी माझी बहीण सगळ्यांइतकीच बेसूर गात होती, आणि त्यासाठी तिला किती कष्ट पडत होते, ते फक्त मला ऐकू येत होतं.