सहा खिळ्यांची घोडी

सकाळी सात वाजता माझ्या दारात अध्यक्षांची पांढरी गाडी उभी राहिली, तेव्हाच मला कळलं की हे लोक मला मूर्ख समजतात.

"चंद्रभान, बस लवकर," अध्यक्षांचा सेक्रेटरी पंकज काच खाली करून म्हणाला. "घोड्यांचे पाय पाहाचे हाय. मॅडमनं विचारलं का 'ठीक हाय' म्हणाचं. दुसरं काही बोलाचं नाही. समजलं न?"

मी नालबंद. बावीस वर्षं झाली घोड्यांच्या खुरांना नाला ठोकतोय. अध्यक्षांच्या तबेल्यात अकरा घोडे, त्यांचे चव्वेचाळीस पाय, आणि त्या पायांवर माझं घर उभं. म्हणून मी 'आपला माणूस'. बाहेरून तपासणीला आलेल्या मॅडमनं स्थानिक नालबंद मागितला, तर यांनी मला पाठवलं.

प्रकरण काय होतं ते सरळ सांगतो. आमच्या भागातल्या घोडेस्वारीच्या संघटनेत नऊ क्लब. एका क्लबाला एक मत. घटनेत लिहिलंय, अध्यक्षाला चार-चार वर्षांच्या दोनच पाळ्या. या माणसानं काय केलं? आठ वर्षं स्वतः बसला, मधे चार वर्षं बायकोला बसवलं, आणि परत स्वतः बसला. बायको कधी घोड्याजवळ गेली नाही, शिंका येतात म्हणे. नऊपैकी पाच मतं याच्या खिशात, आणि त्यातले तीन क्लब नुसते पाटीपुरते. पाटी आहे, शिक्का आहे, लीद नाही. जिथे लीद नाही तिथे घोडा कुठून असणार?

हे लिहून कळवलं हुडकेश्वरच्या क्लबानं. म्हणजे टिनाचं शेड, चार घोडे, रुपरावजी नावाचे निवृत्त घोडदळ हवालदार, आणि दामिनी. दामिनी वीस वर्षांची. बाप कळमन्याच्या बाजारात पोती उचलतो. तिची बिजली नावाची घोडी सव्वा मीटरच्या आडकाठीवरून अशी जाते, की पाहणाऱ्याचे पाय जमिनीवरून सुटतात. त्या पोरीनं थेट आंतरराष्ट्रीय महासंघाला पत्र टाकलं. तिकडून तपासणीला दीप्ती मॅडम आल्या. हुकूम असा, की ज्या क्लबात तीन जिवंत घोडे नाहीत, त्याला मत नाही.

मग अध्यक्षांनी तपासणीच्याच दिवशी दुपारच्या सभेत विषय ठेवला: हुडकेश्वर क्लबाची मान्यता रद्द. कारण काय, तर शेडवर टिन आहे. आणि मान्यता गेली की दामिनीला पुढच्या महिन्याच्या आशियाई निवड चाचणीत उतरता येणार नव्हतं. तिच्या वयोगटात तिला ही शेवटचीच चाचणी.

तीन दिवसांपूर्वीच तिनं मला सांगितलं होतं, "जयभीम काका. बिजलीच्या मागच्या डाव्या पायाची नाल ढिली झाली. पन आता नका ठोकू."

"काहून वं?"

"मान्यता राहिली तं ठोका. गेली तं तिले विकाच लागते. घ्याले येईन तो त्याची नाल ठोकून घेईन."

हे सांगताना ती घोडीकडे पाहत नव्हती. मी पाहिलं ते.

तर पहिला मुक्काम मनीषनगरचा क्लब. नवीकोरी पाटी, अजून रंगाचा वास. आत तीन घोड्या. मॅडमनं एकेक पाय उचलायला सांगितला. पांढऱ्या घोडीचा पुढचा उजवा पाय मी गुडघ्यांमधे धरला आणि थांबलो.

नाल माझी होती. नालेखाली ट्रकच्या टायरची पट्टी. ही पट्टी मी फक्त वरातीच्या घोड्यांना लावतो. डांबरावर नाचताना त्या घसरू नयेत म्हणून. स्वारीचा घोडा वाळूत पळतो, त्याला टायर कशाला? आणि खिळे सहाच. मी सात ठोकतो, पण या खुराला चीर आहे म्हणून एक भोक मीच रिकामं सोडलं होतं. ही चंपा! बाबूलालभाऊची, लग्नात नवरदेव मिरवणारी चंपा.

मला वाटलं, बाबूलालनं विकली असेल. माणसाची अडचण असते. मी म्हटलं, "ठीक हाय." पंकजनं माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप मला अजून खुपते.

तिथून मॅडमला नाश्त्याला नेलं. पोहे, जिलबी, वरून संत्र्याचा रस. दीड तास! एवढा वेळ कशाला, ते कळमन्याजवळच्या दुसऱ्या क्लबात कळलं. तिथेही तीन घोड्या. एक तपकिरी. घामेजलेली, आणि मेंदीचा वास. मी पुढचा उजवा पाय उचलला.

टायरची पट्टी. सहा खिळे. तीच चीर.

खाली पाहिलं, तर माझ्या पायजम्याचे गुडघे तपकिरी झाले होते. घोडीचा रंग माझ्या कपड्यांवर! मागे पंकज खोकला.

"ठीक हाय न, चंद्रभान?"

चव्वेचाळीस पाय डोळ्यांसमोर आले. खोटं कशाला सांगू, आले. आणि एक पाय आला, ढिल्या नालेचा.

"नाही!" मी ओरडलो. एवढ्यानं ओरडलो, की चंपा दचकली. "मॅडम, हे घोडी आपुन सकाळी पाहिली. तवा पांढरी होती. खिळे मोजा. सहा हाय. म्या ठोकले."

"याले काय समजते?" पंकज मधे घुसला. "मॅडम, सगळ्या नाला सारख्याच असतात!"

"सगळे सेक्रेटरी सारखे असतात," मी म्हटलं. "नाला नसतात."

मॅडम गुडघ्यावर बसल्या. पँटला माती लागली तरी बसल्या. बोटानं खिळे मोजले. सकाळी काढलेला फोटो फोनवर उघडून खुराशेजारी धरला. आणि तेवढ्यात बाहेर उभ्या ट्रकमागून बाबूलाल आला. हातात बादली, बादलीत काळा रंग.

"काय गा चंद्रभान! तू बी शूटिंगमधी हायस का?"

"कायचं शूटिंग?"

"सिनेमाचं! पंकजभाऊनं सांगतलं, घोडी तीन वेष बदलते. आता काळी कराची हाय, वर्धा रोडवर." मग त्याला आमचे चेहरे दिसले. "काहून? हिरोइन नाही आली का?"

मॅडमनं बादलीचा फोटो काढला. पंकजचा पण.

चार वाजता सदरच्या हॉटेलात सभा. मी दारातच उभा, रंगलेल्या पायजम्यात. बाबूलालला सगळं कळलं होतं आणि तो हटायला तयार नव्हता. "माह्या चंपाले तीन क्लबात मतदार केलं, आन् तिले ईचारलं बी नाही!" तो जो येईल त्याला सांगत होता.

अध्यक्ष उठले. परंपरा म्हणाले, खेळाची सेवा म्हणाले, सोळा वर्षांचा त्याग म्हणाले. मॅडमनं ऐकून घेतलं आणि तीन क्लबांची नावं वाचली. "यांना आज मत नाही. अध्यक्षांच्या पाळ्यांचा अहवाल महासंघाकडे जाईल. आता विषय घ्या."

हुडकेश्वरची मान्यता रद्द करायला किती हात? दोन. त्यातला एक अध्यक्षांचाच. कायम ठेवायला सहापैकी चार हवे होते. रुपरावजींचा हात आधी वर गेला, मग दुसरा, तिसरा. चौथा क्लबवाला अध्यक्षांकडे पाहत बसला. दामिनीनं खुर्चीची कड दोन्ही हातांनी आवळली होती. त्यानं हात कोपरापर्यंत उचलला, थांबला.

"वर कर न गा!" बाबूलाल दारातून गरजला. "चंपाचाच धरू का?"

हॉल हसला. हात वर गेला. चार!

रुपरावजींनी टोपी काढून डोळे पुसले आणि परत घातली. अध्यक्ष बाजूच्या दारानं निघाले. जाता जाता माझ्यासमोर थांबले. "उद्यापासून आमच्या तबेल्यात येऊ नको."

"येत नाही," मी म्हटलं. "पन नवा नालबंद आणाल तं त्याले खिळे मोजता येते का, ते पाहून घ्याजा."

दामिनी धावतच आली. माझ्या पायजम्यावरचा तपकिरी डाग पाहिला, हसली, लगेच रडली.

"काका, बिजलीची नाल..."

हत्यारांची पिशवी माझ्या खांद्यालाच होती.

"मंग चाल न वं! उभी काहून राहिली?"