मेंबरच्या शाली

पिंपरी पेंढारच्या रखमाजी मेंबरांच्या अंगावर बावीस वर्षांत किती शाली पडल्या हे त्यांना स्वतःला सांगता आलं नसतं. गावात पाण्याची टाकी झाली, शाल. शाळेला नवी खोली झाली, शाल. गणपती मंडळाला दहा वर्षं झाली, त्यात मेंबरांचा काय संबंध? पण शाल. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत माणूस दर खेपेला निवडून येतो म्हटल्यावर लोक तरी दुसरं काय देणार?

या शालींचा पक्का हिशोब होता तो त्यांच्या बायकोच्या, कुशाबाईच्या डोक्यात. बाई भलती चौकस. शेजारणीच्या कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या हेही हिला ठाऊक. घरात शाल आली की ती उलगडून काठ बघायची, नक्षीवरून बोट फिरवायची आणि पेटीत ठेवायची. आठ-दहा दिवसांनी पेटी उघडावी तर शाल गायब. विचारलं की मेंबर म्हणायचे, दिली एकाला. कोणाला? तर एकाला.

आधीच्या शाली आहेरात, देण्याघेण्यात गेल्या होत्या; पंच्याण्णव सालापासून मात्र हे असं चाललं होतं. कुशाबाईला एक शाल हवी होती, स्वतःला, थंडीच्या दिवसांत पहाटे गोठ्यात जाताना अंगावर घ्यायला. पण आता शालीपेक्षा तो ‘एक’ कोण, हाच किडा तिच्या डोक्यात वळवळत होता. लग्नाला गेली की नवरी बघायची सोडून ही पाहुण्यांचे खांदे बघायची. जानकू शिंप्यालाही तिनं एकदा खोदून विचारलं होतं. त्यानं तोंडात टाचण्या धरल्या आणि मान हलवली. हो म्हणाला की नाही, ते देवच जाणे.

दोन हजार चारच्या चैत्रात गावच्या मुलींनी कबड्डीत जिल्ह्यात पहिला नंबर काढला. त्याच सुमारास मेंबरांनी आता निवडणुकीला उभं राहणार नाही असं सांगून टाकलं. गावानं दोन्ही कार्यक्रम एकात उरकायचे ठरवले, शाळेपुढं मांडव घातला आणि पत्रिकेत छापलं, सपत्नीक सत्कार.

सकाळी मेंबर फेटा बांधत असताना कुशाबाईनं सांगून टाकलं, "शाली कुठं गेल्या ते सांगा. न्हाईतर तुमच्या शेजारी मी बसायची न्हाई."

मेंबरांनी फेट्याचं टोक दातात धरलं होतं. ते तसंच धरून राहिले.

मग कुशाबाईही हटून बसली. मांडवात आली ती सरळ बायकांत, पुढच्या रांगेत. वर मेंबर एकटे, शेजारची खुर्ची मोकळी. सरपंचांनी माइकवरून तिला दोनदा बोलावलं. तिनं पदर सारखा केला आणि ती मांडवाच्या झालरीकडे बघत राहिली. बायकांत कुजबुज सुरू झाली. मेंबरांचा चेहरा उतरला, ते तिला दिसलं, वाईटही वाटलं. पण ती उठली नाही.

सरपंचांनी वेळ निभावून नेली, आधी मुलींना वर बोलावलं. मुली खेळायच्या कपड्यांतच आल्या होत्या, हाफ पँट आणि पाठीवर नंबर. पुढं कप्तान वैजयंती. कुशाबाईनं या पोरींना असं कधी बघितलंच नव्हतं, कारण मैदानाकडे ती फिरकतच नसे. एक्क्याण्णव साली तिची स्वतःची शीला शाळेत कबड्डी खेळायची. मुरमाच्या मैदानावर गुडघे सोलवटून घरी आली, तेव्हा हिनं खेळ बंद करून टाकला होता. असले गुडघे घेऊन फिरणाऱ्या पोरीला कोण करून घेणार, असं तेव्हा ती सगळ्या गल्लीला ऐकवत होती. शीला दोन दिवस जेवली नव्हती. तेव्हापासून कुशाबाईनं त्या खेळाचं नाव टाकलं होतं.

आता तिची नजर वैजयंतीच्या गुडघ्यावर गेली. गुडघ्याला जाड पट्टा होता, जांभळा, त्यावर सोनेरी कोयरी. ही कोयरी कुशाबाईनं पाण्याच्या टाकीच्या वर्षी पेटीत ठेवली होती. शेजारच्या पोरीच्या गुडघ्यावर डाळिंबी रंग. तो गणपती मंडळाचा.

बाई उठली. तरातरा पायऱ्या चढून वर गेली, वाकली, आणि अख्ख्या गावादेखत तिनं वैजयंतीचा गुडघा धरला. पट्ट्याची कड उलटून बघितली. आत कापूस भरून शिवला होता. मांडवात हशा पिकला. पोरगी बिचारी लाजून चूर झाली आणि हळूच सांगू लागली, की मेंबरआबा शाली देतात आणि जानकूकाका पट्टे शिवतात. गुडघे फुटेनात म्हणून आया खेळायला सोडायला लागल्या. पण कोणाला सांगायचं नाही अशी आबांनी शपथ घातली होती.

कुशाबाई जाऊन मोकळ्या खुर्चीत बसली. मेंबर तिच्याकडे बघेनात. मानाची शाल फाडली म्हणून देणाऱ्यांना राग आला असता, असं ते पुटपुटले.

"देणाऱ्यांचं ऱ्हाऊ द्या. मला का न्हाई सांगितलं?"

"तुला कसं सांगू? गुडघ्यावरून खेळ मोडायची सुरुवात तूच केलीस. वाटलं, ह्या पोरींचाबी मोडशील."

हे तिला लागलं, कारण ते खरं होतं. तिनं पुन्हा वैजयंतीच्या गुडघ्याकडे बघितलं. मग विचारलं, "आणि आपल्या शीलीला का न्हाई शिवून दिलं?"

मेंबरांनी मान खाली घातली. "तवा सुचलं न्हाई गं."

तेवढ्यात कार्यक्रमाचे प्रमुख पाहुणे शाल घेऊन आले. हिरवी, भरजरी काठाची. टाळ्या वाजल्या, फोटो निघाला. पाहुणे वळले तशी मेंबरांनी सवयीनं खांद्यावरची शाल काढून घडी घातली आणि मांडवाच्या खांबाशी उभ्या असलेल्या जानकूकडे बघितलं. कुशाबाईनं त्यांचं मनगट धरलं.

"हिचे तुकडे न्हाई व्हायचे," ती म्हणाली. "ही शीलीची."

गोठ्यातली थंडी तिला आठवली नाही असं नाही. तरीही शाल तिनं पिशवीत नीट ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस्टीनं ती लेकीकडे घोडेगावला निघाली. पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मनात येत होती. शीलीच्या गुडघ्यावरचा डाग अजून दिसतो का, ते तिला बघायचं होतं. इतकी चौकस बाई, पण तेरा वर्षांत तेवढं तिनं बघितलं नव्हतं.