डबा रिकामा जात नाही

आश्लेषानं डबा घासला, पुसला आणि आत पुन्हा एकदा हात फिरवून पाहिला. रिकामा. रिकामाच न्यायचा होता तिला तो, मुद्दाम.

डबा रिकामा परत करणं म्हणजे काय, हे कानडी मुलखातल्या चामराजपेट वस्तीतल्या त्या दुमजली घरात कुणाला सांगायला नको. वर आश्लेषाचं मराठी बिऱ्हाड, खाली जसिंताचं ख्रिस्ती. दोघी जन्मण्याआधीपासून या घरात डबे वरखाली फिरत आलेले. खालून केक यायचा, वरून चकल्या जायच्या. घरात काहीच नसलं तर आश्लेषाची आई प्रेमा डब्यात चिमूटभर साखर टाकायची, पण रिकामा डबा तिनं कधी खाली पाठवला नाही. रिकामा पाठवला की संबंध संपला, असं तिच्या माहेरी निपाणीला मानायचे.

आणि हा डबा तर ईस्टरपासून वरच पडून होता. भरून पाठवायचा राहिला, आणि पावसाळ्यात अभिमन्यू गेला. आश्लेषाचा दादा, सतरा वर्षांचा. साधा ताप म्हणता म्हणता गेला. दुःखाच्या घरात वर्षभर कढई चढत नाही. शेजारीपाजारी आणून देतील तेवढंच गोड खायचं. मग डब्यात घालणार काय? साखरेची चिमूटसुद्धा प्रेमाला सुचली नाही. तो आपला फडताळात बसून राहिला.

दिवाळी आली. नातेवाइकांनी फराळ आणला, समोरच्या सकवारबाईंनी आणला. खालून मात्र काही आलं नाही. लाडू नाही, जसिंताही नाही. प्रेमा हल्ली कशाबद्दलच फारसं बोलत नसे. अभीचं नाव तर तिनं पावसाळ्यापासून घेतलंच नव्हतं. आश्लेषाच्या मनात मात्र ते सलत राहिलं. बालवाडीपासूनची मैत्रीण, आणि जिन्यात दिसली की मान खाली घालून सटकायची. सोळाव्या वर्षी माणूस दुःख गिळेल एक वेळ, असा अपमान गिळत नाही.

आता नाताळ तोंडावर आला होता. दुपारपासून खालून नारळाच्या दुधाचा वास जिन्यानं वर येत होता, म्हणजे कुलकुल करायला घेतले होते. पीठ शंकरपाळ्याच्याच जातीचं, पण त्याची गोळी कोऱ्या कंगव्यावर अंगठ्यानं दाबून वळायची, की रेघारेघांचा शंख तयार होतो, तो तळायचा. दरवर्षी अभी आणि या दोघी, तिघं मिळून वळायची. अभीनं पहिल्याच वर्षी आपल्या कंगव्याचा एक दात मोडला आणि पुढे तो कंगवा कुणाला बदलू दिला नाही. त्याचा कुलकुल ढिगातून ओळखू यायचा. रेघांमध्ये एक फट, आकार इतरांच्या दुप्पट, आणि आतून हमखास कच्चा. "पातळ दाब रे," असं प्रेमा दरवेळी सांगायची, आणि तो दरवेळी हो म्हणायचा.

यंदा आश्लेषाला कुणी साधी हाक मारली नव्हती. झालं, तिचा पारा चढला. डबा उचलून ती तणतणत जिना उतरली. वळणावर आत काहीतरी खडखडलं. झाकण असेल, असं म्हणून ती थांबली नाही.

दार जसिंतानं उघडलं. हाताला मैदा, डोळे सुजलेले. मागे टेबलावर पिठाचा गोळा होता तसाच होता. एकही कुलकुल वळलेला नव्हता. शेजारी तीन कंगवे मांडून ठेवले होते.

"तुमचा डबा," आश्लेषा तो तिच्या हातात देत म्हणाली. "रिकामा आहे. बघून घे."

जसिंताचा चेहरा उतरला. याच घरात वाढलेली पोर ती, तिला अर्थ बरोबर कळला.

"असं नको करू, आशू."

"मग दिवाळीला का नाही आलात?"

"दुकानातल्या धनलक्ष्मीअक्कांनी सांगितलं ना, वर्ष होईपर्यंत त्या घरी गोड न्यायचं नसतं म्हणून. मम्मीनं तुमच्या लाडवांसाठी रवा आणलेला, तसाच आहे."

"आणि तू? तुला वर यायला रवा लागतो?"

"मला बघून आंटीला अभीअण्णा आठवेल असं वाटलं."

"तिला विसरायला होतंय कुठे?"

धनलक्ष्मीअक्का खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांच्याकडे तशीच रीत होती. पण एकाची रीत दुसऱ्याच्या घराला लावली की असा घोळ होतो. आश्लेषाचा राग क्षणात ओसरला आणि त्या जागी नुसतं रडू आलं. तिनं डबा परत घ्यायला हात पुढे केला, तेवढ्यात तो जसिंताच्या हातात हलला आणि आत खडखडलं. जसिंतानं झाकण उघडलं.

तळाशी एक कुलकुल होता. दुप्पट मोठा. रेघांमध्ये फट. आणि इतका गरम, की जसिंतानं चटकन बोट मागे घेतलं.

"तू केलास?"

"आमच्याकडे कढई चढत नाही. तू?"

"माझा हातच चालेना गं. एकसुद्धा नाही वळला."

दोघींनी टेबलाकडे पाहिलं. दोन कंगवे कोरडे होते. दात मोडलेल्या तिसऱ्याला ओलं पीठ लागलं होतं.

ओरडावं, पळावं, कुणाला तरी बोलवावं, यातलं काही त्यांना सुचलं नाही. भीतीही वाटली नाही. आईचा नियम अभीला पाठ होता. आपल्या घरातून डबा रिकामा जातोय, हे तो कसं चालू देईल? उंबऱ्यावरच दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. इतके महिने दोघींनी वेगवेगळ्या मजल्यांवर जे रडू साठवलं होतं, ते एकदाचं बाहेर पडलं.

मग जसिंतानंच डबा उचलला. "मी आणते वर," ती म्हणाली.

प्रेमा स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती. जसिंताला पाहून तिनं जुडी बाजूला सारून जागा केली.

"ये. किती वाळलीस गं."

जसिंतानं कुलकुलाचे तीन तुकडे केले आणि एक तिच्या हातावर ठेवला. प्रेमानं तो न बघताच तोंडात टाकला. चावता चावता ती थांबली.

"आतून कच्चा राहिलाय," ती म्हणाली. "या अभीला कितीदा सांगितलं, पातळ दाब म्हणून."

नाव निघालं, आणि तिचे हात मेथीवर तसेच थांबले. दोघी मुली तिच्या दोन बाजूंना सरकून बसल्या, आणि आपापला कच्चा तुकडा त्यांनी शेवटपर्यंत चावून खाल्ला.