भिंतीवर गेलेली पानं

मी रुखसारची चित्रवही बोलतेय. आवाज हलका आहे माझा; कागदाचा तेवढाच असतो.

येवल्यात, अब्बूंच्या पैठणीच्या मागाशेजारी बसून तिने मला भरलं. तिकडे रेशीम सरकायचं आणि इकडे माझ्यावर कासवं, बदकं, ढगांवर झोपलेल्या म्हशी उतरायच्या. मला वाटायचं, मी एक तळं आहे आणि ही त्यात एकेक जीव अलगद सोडते आहे.

पण चित्रांची कामं घरी चालत येत नाहीत. तीन वर्षं ती मला घेऊन एसटीने नाशिकला येत होती. हॉटेलवाल्यांची, घरसजावटीची, बिल्डरांची प्रदर्शनं आम्ही पालथी घातली. ती पाठ केलेली वाक्यं म्हणायची, "मी फ्रीलान्स चित्रकार आहे, भिंतींवर..." तोवर समोरचा माणूस मोबाइलवर बोट फिरवावं तशी माझी पानं उडवून म्हणायचा, "कार्ड ठेवून जा."

गेल्या हिवाळ्यात ती घरी सांगूनच निघाली, हे शेवटचं प्रदर्शन. नंतर कांद्याच्या कंपनीत ऑफिसचं काम धरायचं. बसमध्ये तिने मला उघडलंसुद्धा नाही.

दुपारी ती थकून फर्निचरच्या एका स्टॉलवर टेकली. शेजारी एक बाई बुटक्या खुर्च्या हलवून बघत होत्या. रुखसारने पाठ केलेलं काहीच म्हटलं नाही. सहज विचारलं, "एवढ्या लहान खुर्च्या कुणासाठी, ताई?"

"दवाखान्यासाठी. मी मुलांचे दात बघते. आत यायच्या आधी, बाहेर बसूनच रडतात पोरं."

"बसल्यावर त्यांना समोर काय दिसतं?"

डॉक्टर सविता थांबल्या. "पांढरी भिंत," त्या सावकाश म्हणाल्या. "हे कुणी विचारलं नव्हतं मला."

मग रुखसारने मला त्यांच्या हाती दिलं. किती हळू उलटली त्यांनी पानं! झोपलेल्या म्हशीवर त्यांचं बोट थबकलं. "हिला कसलीच घाई नाही. ही येईल भिंतीवर?"

रुखसारने मान डोलावली.

नमुन्यासाठी तिने माझी नऊ पानं ब्लेडने कापली. शिवण ढिली झाली, पण दुखलं नाही. ती पानं आता केवढी मोठी होऊन इथे दवाखान्यात समोरच्या भिंतीवर पोहतात. भिंत बघून एका बालवाडीने रुखसारला बोलावलं. ती नव्या वहीसह तिकडे रमली आहे. मला तिने इथेच, बुटक्या खुर्च्यांजवळ ठेवलं.

कधी आलात तर मला सावकाश चाळा. कुणीतरी बराच वेळ बसून मला भरलं आहे.

माझी मागची कोरी पानं आता मुलांची आहेत. परवा गाल सुजलेल्या एका मुलीने त्यांवर वाघ काढायला घेतला. आतून तिच्या नावाने हाक आली. ती मान वर न करता म्हणाली, "थांबा, शेपटी राहिली."