एका थराचे तीन

जर्मनीतल्या येना शहरातल्या त्या प्रयोगशाळेत शुक्रवारचा केक तसाच पडून होता. सगळे मॉनिटरभोवती दाटीवाटीने उभे. सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशीला एकच आवरण असायचं, आणि आज दिसत होती तीन, एकावर एक!

"प्रकाशाला मी खोली शिकवली!" पाहुणे डॉ. रेडेमान हात उंचावून म्हणाले. भिंगामागे त्यांनी बसवलेली काळ्या कड्याची काच म्हणे हा चमत्कार करत होती. "मात्र हिला जिवंत पेशीच दाखवायची हं. निर्जीव वस्तूंवर ती रुसते."

"काच रुसते?" संशोधक विद्यार्थिनी विब्के पुटपुटली.

"अगं, तुझंच भलं होतंय आणि तूच फाटे फोडतेस?" तिच्या मार्गदर्शक प्रोफेसर केसलरबाई हसल्या.

विब्केचा सगळा प्रबंध आता त्या तीन आवरणांवर उभा होता. सोमवारी तो द्यायचा. पदवी मिळणाऱ्यासाठी सोबती पुठ्ठ्याची टोपी करतात, ती तयारही झाली होती. वर तीन चंदेरी कडी. टोपीकडे नजर गेली की विब्के एकदा बसायची, एकदा उठायची. शेवटी तिने काचपट्टीवर चमकत्या रंगाचा एक पातळ थर दिला आणि पट्टी भिंगाखाली सरकवली.

"अहो, काय करताय! रुसेल ती!" रेडेमान ओरडले.

"रुसू द्या. मी काढीन समजूत."

मॉनिटरवर थर उमटले. तीन!

"मी एकच दिलाय," विब्के म्हणाली. तिने प्रकाश टिपणाऱ्या यंत्रापुढचं छिद्र बारीक केलं. वरचा आणि खालचा थर विरून गेला. "काचेवरच्या काळ्या कड्यामुळे प्रकाशाची रेघ खोलीच्या दिशेने बारीक होते, हे खरंच. पण तिच्या वर-खाली दोन भुतं, म्हणजे खोट्या प्रतिमा, उभी राहतात. बारीक छिद्र त्यांना अडवतं. साहेबांनी चित्र उजळ करतो म्हणत छिद्राचं दारच सताड उघडून ठेवलं!"

"श्रद्धा नसली की असंच..." रेडेमान काच काढू लागले.

"श्रद्धा आहे ना, डॉक्टरसाहेब. दर रविवारी चर्चमध्ये गळा मोकळा करून गाते. तिथला देव तपासणीला घाबरत नाही."

"आणि प्रबंध?" केसलरबाईंनी हळूच विचारलं.

"पुन्हा लिहायचा." विब्केने कात्री घेतली आणि टोपीवरची दोन कडी कापून टाकली.

बाबांनो, हवं तेच नेमकं दिसू लागलं, की तिथेच थांबा. जिचं उत्तर आधीच ठाऊक आहे अशी एखादी साधी वस्तू त्याच भिंगाखाली ठेवून पाहा. खरं असेल ते जागचं हलणार नाही.