दहा लाखांच्या अलीकडे

“ही मूळ संख्या आहे का, बस एवढंच सांग,” म्हणत कौस्तुभनं पेपरच्या कडेला आकडा लिहिला: ९९९९७३.

इंदुताईंनी आकड्याआधी मुलाकडे पाहिलं. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या गच्चीबावलीहून इथं नारायणगुड्याला येऊन याला आज आईच्या गणिताचा पुळका आला होता. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या बाईला असले भोळे चेहरे लगेच ओळखू येतात. यामागे शेजारची भाग्यलक्ष्मीच असणार. परवा इंदुताई जवळच्याच हिमायतनगरहून येताना घराची गल्ली चुकल्या, ते तिनंच कळवलं असणार. आता डॉक्टर, मग ‘आई, एकटी राहू नकोस’, मग या घराला कुलूप.

“मोबाइल पालथा कायकू ठेवलास?”

“असाच.”

त्यांनी तो उलटा केला. त्यावर सेकंद पळत होते.

“माझी परीक्षा घ्यायलास होय?”

कौस्तुभ ओशाळला. “डॉक्टर बोलले, तिच्या आवडीचं काहीतरी विचारून बघा. उद्याची वेळ घेतलीय. तुला हे आलं तर कॅन्सल करतो. मग राहा इथंच, मी काही बोलणार नाही.”

“हौ? मग बघच.”

त्यांनी चष्मा पुसला. तीननं भाग जाईना, सातनं दोन उरले, अकरानं जमेना. तेरानं मात्र गेला, पुन्हा तेरानं गेला. राहिले पाच हजार नऊशे सतरा. तिथं त्या अडल्या. एकेक मूळ संख्या लावत एकसष्टपर्यंत पोचल्या, तेव्हा सत्त्याण्णव मिळाले.

“मूळ नाही. तेरा, तेरा, एकसष्ट, सत्त्याण्णव. लाव गुणून.”

त्यानं मोबाइलवर गुणून पाहिलं आणि हसला. “बरोबर. अकरा मिनिटांत. आई, तू एकदम ठीक आहेस.” तो दवाखान्याला फोन लावू लागला.

मुलाची जिरवल्याचं समाधान घेत इंदुताईंनी आकड्यावर पुन्हा नजर टाकली. दहा लाखांना फक्त सत्तावीस कमी. म्हणजे शंभराचा घन वजा तीनचा घन. घनांच्या वजाबाकीला त्या दोन आकड्यांच्या वजाबाकीनं भाग जातोच; शंभरातून तीन गेले की सत्त्याण्णव, पहिला अवयव हातात. ‘भागायला धावू नका, आधी आकड्याकडे नीट बघा,’ असं त्या दरवर्षी वर्गात बजावत. पूर्वी हे त्यांना आकडा लिहून होईपर्यंत दिसलं असतं. आज अकरा मिनिटांत एकदाही दिसलं नव्हतं.

कौस्तुभला यातलं काही कळलं नव्हतं. गप्प बसलं की झालं. त्यांना फार भीती वाटली.

“उचलत नाहीयेत,” कौस्तुभ म्हणाला. “मेसेज टाकतो.”

“नक्को टाकू. उद्या किती वाजता जायचंय?”

“साडेदहाला. पण आता कशाला?”

इंदुताईंनी शेजारची खुर्ची ओढली.

“बस इथं. माझं काय चुकलं ते समजावून सांगते. उद्या डॉक्टरांना तुला नीट सांगता आलं पाहिजे.”